काकुमातल्या नळावरची रांग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त नळाचं तेवढं ठेवा.

मागं तुमच्या आतल्या पानावर केनियातल्या निर्वासितांचं रेशन कापलं अशी चार ओळींची बातमी होती. आमचे जावई ती वाचून म्हणाले, "असू दे, जिवानिशी सुटून छावणीत तर पोचलेत ना." जावयाला उलट काय बोलायचं म्हणून मी गप्प बसलो, पण ते 'सुटले' काही डोक्यातनं जाईना, कारण मी त्याच छावणीच्या आजूबाजूला दीड वर्ष काढलंय आणि तिथं काही समलिंगी आणि ट्रान्स माणसं अशी बघितली की जी पोचली होती पण सुटली नव्हती.

मी बोअरच्या मोटारींचा फिटर, तासगाव तालुक्यातला. तीस वर्षं द्राक्षबागांच्या मोटारी वर काढल्या आणि खाली सोडल्या, मग सोलर पंपाचं काम शिकलो, त्या जोरावर एका कंपनीनं २०२२ च्या मे महिन्यात केनियाला पाठवलं. नैरोबी नाही, पार वर वायव्येला तुर्काना म्हणून जिल्हा आहे तिकडं, दुष्काळी म्हणजे आपला जत-आटपाडी भाग त्यापुढं हिरवागार वाटेल. तिथं काकुमा छावणी आहे, १९९२ ला सुदानच्या लढाईतनं चालत आलेल्या पोरांसाठी बसवलेली, चार दिवसांची म्हणून बसवली आणि तीस वर्षं झाली तरी आहेच. शेजारची कलोबेई वसाहत धरली तर माणसं तीन लाखांच्या घरात, दक्षिण सुदान, सोमालिया, काँगो, बुरुंडी, इथिओपिया, युगांडा असे सगळीकडचे. मातीच्या विटांची घरं, वर पत्रा, भोवती काटेरी कुंपण आणि दुपारी असा फुफाटा उठतो की समोरचा माणूस दिसत नाही.

पाणी सगळं बोअरचं. बोअरमधनं टाकीत, टाकीतनं व्हॉल्व सोडून नळकोंडाळ्याला, सकाळी काही तास आणि कधी संध्याकाळी. माणसं पहाटेच वीस लिटरचे पिवळे कॅन रांगेत लावून ठेवतात आणि स्वतः सावलीला जाऊन बसतात, म्हणजे रांगेत माणूस नाही तर कॅन उभा असतो. आपल्याकडं टँकरला हंडे-कळशा लावतात अगदी तसंच, आणि भांडणं पण तशीच, झिंज्या उपटण्यापर्यंत. त्यात नवल काही नाही, पाणी कमी आणि माणसं जास्त म्हटल्यावर हे होणारच.

पण एका कोंडाळ्यावर मला एक कॅन रोज रांगेच्या बाहेर, कुंपणाशी आडवा पडलेला दिसायचा. त्याच्या कडीला कापड गुंडाळून हातशिलाईनं शिवलेलं होतं, हाताला कडी कापू नये म्हणून, अगदी बारीक टाके. म्हणून लक्षात राहिला. एकदा बघितलं तर एका बाईनं तो पायानं ढकलून बाहेर काढला, हात लावला नाही, पायानं. दुपारी पाणी बंद करून मी पाना आवरत होतो तेव्हा एक पोरगा आला, पंचविशीचा असेल, कॅन उचलला आणि नळाखाली ठेवून शेवटचं थेंब थेंब पाणी धरत बसला. मी बरोबरच्या लोकल मदतनिसाला विचारलं हा वेळेवर का येत नाही, तर तो हसून म्हणाला "शोगा". म्हणजे आपल्याकडं समलिंगी पुरुषाला जो घाण शब्द वापरतात तोच. आणि खरं लिहायचं तर मी पण हसलो.

नंतर ओळख झाली ती त्याच्या इंग्रजीमुळं, माझं मोडकं, त्याचं चांगलं. युगांडाचा, शिंपीकाम करायचा. घरमालकानं बाहेर काढलं, मग भावांनी मारलं, बसनं सीमा ओलांडून नैरोबीला आला, नोंदणी केली तर तिथनं काकुमाचा रस्ता दाखवला, कारण केनियात निर्वासितांनी छावणीतच राहायचं असा दंडक, परवानगीचा कागद असल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. त्याच्यासारखे आणखी होते, गे पोरं, काही ट्रान्स, तीन-चार लेस्बियन बायका त्यातल्या दोघी लेकरांसकट. आपापसात ते स्वतःला 'कुचू' म्हणतात. छावणीत असे साधारण साडेतीनशे असावेत असा अंदाज त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांनी २०२१ साली केला होता. तीन लाखांत साडेतीनशे. आणि त्या संस्थांनी त्यांच्यातल्या काही जणांना विचारलं तर दहातल्या आठांपेक्षा जास्त लोकांनी सांगितलं की आम्ही मार खाल्लाय, इथं, छावणीत आल्यावर.

आता युगांडातनंच का पळतात ते सांगतो, कारण इथं ते कुणाला माहीत नाही. तिथं २०१४ च्या फेब्रुवारीत समलिंगी लोकांविरुद्ध कडक कायदा झाला, ऑगस्टमध्ये कोर्टानं कोरमच्या मुद्द्यावर, म्हणजे मंजूर करताना पुरेसे खासदार हजर नव्हते म्हणून, तो उडवला, पण लोकांची डोकी फिरायची ती फिरली, पेपरांत फोटो छापले गेले, घरं जाळली गेली. मग २०२३ च्या मे मध्ये, मी काकुमातच होतो तेव्हा, राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी नवीन कायद्यावर सही केली, जन्मठेप, आणि काही बाबतीत फाशी. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टानं दोन-चार कलमं काढली आणि बाकीचा कायदा तसाच ठेवला. केनिया त्यातल्या त्यात बरा म्हणायचा, तो या लोकांना निर्वासित म्हणून घेतो तरी, शेजारपाजारचे देश तेवढंही करत नाहीत. पण कायदा केनियात पण आहे, चौदा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि २०१९ ला तिथल्या हायकोर्टानं तो योग्यच म्हणून कायम ठेवला. म्हणजे ज्या कारणासाठी हे पोरगं पळालं त्याच कारणासाठी जिथं आसरा घेतला तिथं पण तो गुन्हेगार. मार खाल्ल्यावर चौकीत जायचं तर काय सांगायचं? मला का मारलं हे सांगितलं की आपणच आपल्याविरुद्ध जबाब दिल्यासारखं.

आणि हा कायदा त्यांनी स्वतः काढलाय असं पण नाही बरं का. इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेत सुरुवातीला आपलाच इंडियन पीनल कोड नेऊन लावला होता, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमासकट, नंतर १९३० मध्ये दुसरा कोड आणला पण हे कलम त्यातही आलंच. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ मधला तो भाग काढला. पाठवलेला माल इथं रद्द झाला, तिथं अजून चालू आहे.

तर पाण्याचं. मला वाटलं आपल्या हातात किल्ली आहे, आपण काहीतरी करू. पाणी बंद करायच्या वेळेनंतर लाईन फ्लश करायची म्हणून मी दहा मिनिटं व्हॉल्व परत सोडायला लागलो, तेवढ्यात तो आणि त्याच्यातले दोघं-तिघं येऊन भरून न्यायचे. आठ-नऊ दिवस बरं चाललं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं. या लोकांना स्पेशल पाणी सुटतंय! दहाव्या दिवशी दगड आले. मला नाही, मला कोण मारणार, मी कंपनीचं जॅकेट घातलेला. त्याच्या कपाळाला लागला आणि त्या शिवलेल्या कडीच्या कॅनला सुरीनं उभा काप दिलेला. दुसऱ्या दिवशी तो मला एवढंच म्हणाला की साहेब, उद्यापासनं नको.

माझी अक्कल तिथं कमी पडली, पण मोठमोठ्या संस्थांची पण तिथंच कमी पडते. या लोकांना वेगळं करून एका जागी ठेवलं तर सगळ्या छावणीला पत्ता कळतो. ब्लॉक १३ म्हणून भाग होता, तिथं बरेच जण एकत्र राहायचे, १५ मार्च २०२१ च्या पहाटे उघड्यावर झोपलेले असताना त्यांच्यावर पेट्रोल बॉम्ब टाकला, दोघं भाजले, त्यातला एकजण पुढं एप्रिलमध्ये नैरोबीच्या हॉस्पिटलमध्ये वारला, विशीतला पोरगा. आणि एकत्र नको म्हणून विखरून ठेवलं तर प्रत्येक जण आपापल्या देशाच्या वस्तीत एकटा, म्हणजे ज्या लोकांपासनं पळून आला त्यांच्याच शेजारात. काहींना नैरोबीला हलवलं, तिथं भाड्याची खोली आणि परत तोच घरमालक. ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संस्थेनं २०२३ च्या मे मध्ये केनियातल्या एका संस्थेबरोबर रिपोर्ट काढला त्यात सरळ म्हटलंय की काकुमा या लोकांसाठी सुरक्षित नाही, तिथनं दुसरीकडं हलवा. कुठं हलवायचं हाच तर घोळ आहे.

छावणीत दुसरी एक गोष्ट कळली, ती बाहेरनं कळत नाही. छावणीत खरा पोलीस म्हणजे तुमचा भाऊबंद. सोमाली माणसाला कुणी हात लावला तर त्याच्या कुळातले पन्नास जण उभे राहतात, दक्षिण सुदानच्या दिंका जमातीचा असेल तर दिंका येतात. तापानं पडलात तर वहिनी कॅन भरते, रेशन आणायला पुतण्या जातो, सरपण आणायला बायका घोळक्यानं जातात. सगळी छावणी नात्यावर चालते, संस्था नंतर. आणि यांना नात्यानंच हाकललेलं. त्या दोन लेकुरवाळ्या बायकांचं तर आणखी अवघड, सरपणाला एकटं जायचं म्हणजे काय होऊ शकतं ते सगळ्यांना माहीत, घोळक्यात कुणी घेत नाही, लेकरांना बाकीची पोरं खेळायला घेत नाहीत. त्यातली एक मला म्हणाली होती की सरपण विकत घेते आणि त्यासाठी पीठ विकते. म्हणजे शिजवायचं काय ते विकून शिजवायला लाकूड आणायचं. याच्यावर मी काय बोलणार होतो.

लोक म्हणतील, मी पण म्हणायचो, की बाबा तुझं तुझ्यापाशी ठेव ना, कुणाला सांगायचं कशाला. २०१० मध्ये इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टापुढं हाच प्रश्न होता, इराण आणि कॅमेरूनचे दोघं, सरकारचं म्हणणं की परत जा आणि जपून राहा, लपवून राहा. कोर्टानं सांगितलं की आयुष्यभर भीतीनं लपत राहा असं सांगता येणार नाही. ते इंग्लंडचं झालं. काकुमात लपवायला भिंतच नाही, पत्र्याच्या खोलीत रात्री कूस बदललेली शेजारी कळते.

आणि मजा बघा, एकीकडं लपवायचं आणि दुसरीकडं सिद्ध करायचं. निर्वासित म्हणून मान्यता मिळायला मुलाखत होते, त्यात सांगावं लागतं की मी असा आहे म्हणून माझ्या जिवाला धोका आहे. तुला कधी कळलं, कुणाबरोबर होतास, घरच्यांना कसं समजलं. त्यांच्यातल्या एका काँगोच्या पोराला इंग्रजी येत नव्हतं, मुलाखतीला दुभाषा दिला तो त्याच्याच भागातला, छावणीतच राहणारा, रविवारी एकाच चर्चमध्ये जाणारा. पोरानं दुभाष्याकडं बघितलं आणि सांगितलं की मी लढाईमुळं पळालो. झालं, फाईलमध्ये ते लागलं. दोन वर्षांनी हिंमत करून खरं सांगायला गेला तर आधी वेगळं बोलला होतास म्हणून खोटारडा ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं २०१२ मध्येच कागदावर लिहून ठेवलंय की असल्या माणसाला विश्वासानं बोलता येईल अशी सोय करा, उशिरा सांगितलं म्हणून खोटं धरू नका. कागद चांगला आहे. युरोपमध्ये तर लोक स्वतःचे खासगी व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायला लागले होते, शेवटी २०१४ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाला सांगावं लागलं की असले पुरावे घ्यायचे नाहीत, आणि २०१८ मध्ये परत की चित्रं-बित्रं दाखवून मानसशास्त्राच्या टेस्टनं माणूस गे आहे का ते ठरवायचं नाही. मला सांगा, मी पुरुष आहे आणि मला बायका आवडतात हे मी कोर्टात कसं सिद्ध करणार? लग्नाचा अल्बम दाखवून?

'खोटे गे' हा पण एक विषय आहे तिकडं, तो लपवत नाही. २०१४ नंतर सुरुवातीला आलेल्या काही युगांडी लोकांच्या फायली भराभर हलल्या, ते अमेरिका-कॅनडाला गेले, आणि छावणीत पसरलं की गे म्हटलं की विमान मिळतं. काही जणांनी खोटं सांगितलं पण असेल, पंधरा-पंधरा वर्षं मातीच्या खोलीत अडकलेला माणूस काय नाही करणार. पण त्याचा परिणाम असा झाला की दहा वर्षं नंबर लावून बसलेली बाई या पोरांकडं रांग मोडून पुढं घुसणारे म्हणून बघायला लागली. कॅन ढकलणाऱ्या त्या बाईची मला म्हणून चीड येत नाही. तिचं पण पोर आजारी होतं.

विमान तर आता जवळपास कुणालाच नाही. जगभरात एका वर्षात शंभर निर्वासितांतल्या एकाला पण तिसऱ्या देशात जागा मिळत नाही, आणि त्यात सगळ्यात मोठं दार अमेरिकेचं होतं ते बंद करायचा हुकूम ट्रम्पनं २० जानेवारी २०२५ ला आल्या दिवशीच काढला. नंतर मदतीचा पैसा आटला, जागतिक अन्न कार्यक्रमानं काकुमातलं रेशन कापलं, आणि घराघराची गरज बघून गट पाडले, कुणाला जास्त कुणाला कमी. हीच तुमची चार ओळींची बातमी. अन्न कमी झालं की रांगेत पहिला धक्का कुणाला बसणार हे सांगायला मी पाहिजे असं नाही.

पाणी आणि स्पर्श म्हटल्यावर आपल्याला महाडचं चवदार तळं आठवतं, १९२७. माझ्या आजोबांच्या गावात वेगळी विहीर होती आणि आमची कुठली होती हे मी सांगत बसत नाही, पण तो कॅन हात न लावता पायानं ढकललेला बघितला तेव्हा मला ते कुठंतरी बघितल्यासारखं वाटलं होतं. उगाच तुलना करू नये म्हणतात. मी करत नाही, जे डोक्यात आलं ते लिहिलं.

तुमच्याकडं मागणं एवढंच की परत कधी अशी बातमी आली तर 'छावणीत सुरक्षित आहेत' असं डेस्कवरनं टाकून देऊ नका. आणि आपण तरी कुठं मोठे, १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, आपल्याकडं निर्वासितांचा वेगळा कायदा नाही, कुणी असा इथं पळून आला तर दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या एका कार्डाच्या भरवशावर बसणार.

दगडफेकीनंतरचं सांगायचं राहिलं. त्या कोंडाळ्याच्या लाईनचा मेन व्हॉल्व पास होत होता, म्हणजे पूर्ण बंद केला तरी आतनं थोडं पाणी जातच राहतं, सीट खराब झाली की होतं तसं. त्यामुळं पाणी बंद झाल्यावर सुद्धा सगळ्यात खालच्या नळाला सुतळीएवढी धार रात्रभर असायची. नवीन व्हॉल्व स्टोअरला येऊन पडला होता, तासाभराचं काम, फिटर म्हणून मला ते पास होणं बघवत नव्हतं. पण रात्री दोननंतर रांग नसते, आणि सुतळीच्या धारेनं पण पहाटेपर्यंत दोन कॅन भरतात. स्पेशल पाणी कुणी सोडलं असं कुणाला म्हणता येत नाही, जुना व्हॉल्व आहे, गळतो. सकाळी गेलो की नळाखालची माती ओली नसायची, म्हणजे धार सगळी कशात तरी पडलेली. मी त्याला काही सांगितलं नाही, त्यानं पण कधी विचारलं नाही. एकदा माझ्या वर्कशर्टचा फाटलेला खिसा त्यानं न सांगता शिवून दिला, तेच बारीक टाके.

२०२३ च्या नोव्हेंबरला मी परत आलो. हँडओव्हरच्या कागदावर त्या व्हॉल्वपुढं 'ओके' लिहिलं. मोबाईलवर त्याला वर्षभर मेसेज जात होते, आता एकच टिक येते. माझ्या जागी कोण आला ते मला माहीत नाही, पण तो चांगला फिटर असेल तर त्यानं पहिल्याच आठवड्यात तो व्हॉल्व बदलला असणार.

आपला,
तासगाव तालुक्यातला एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती, कंपनीतले लोक तुमचा पेपर वाचतात.)